पानगळीचे दिवस, संध्याकाळचे समारंभ आणि घरातली दोन लहान मुले

तुमच्या पत्रातील माहिती आधी थोडक्यात मांडतो. थोरला मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे आणि धाकटा दीड वर्षाचा. मागच्या शरद ऋतूत तुम्ही पाच आठवड्यांत सात ठिकाणी गेलात. शेतावरच्या भेटीत मुखवटा घातलेला माणूस पाहून थोरल्याने रडून गोंधळ घातला, दिव्यांच्या कार्यक्रमात अंगावरचा हौसेने शिवलेला वेश त्याने काढून फेकला, आणि तेव्हा तान्हा असलेला धाकटा दर वेळी परतीच्या गाडीत झोपून रात्री अकरा वाजता ताजातवाना होऊन बसला. यंदा धाकटाही पायांवर उभा आहे. त्यामुळे या वर्षी सगळेच बंद ठेवावे का, की सवयीने मुले सुधारतील, आणि ‘मुलगा असून इतका घाबरतो’ हे नातेवाइकांचे म्हणणे खरोखर काळजीचे आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

बंद काहीही ठेवू नका, फक्त वेळ बदला. बालरोगतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षे काम करताना या ऋतूतील बहुतेक तक्रारींचे मूळ मला मुलांच्या स्वभावात आढळले नाही. ते घड्याळात आढळले. शरदातील समारंभ दिव्यांचे, शेकोटीचे, वेशभूषेचे असतात आणि त्यांना अंधार लागतो, म्हणून ते संध्याकाळी ठेवले जातात. लहान मुलाच्या दिवसातील सर्वांत दुबळी वेळ नेमकी तीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षे वयाच्या मुलाला दिवसातून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, आणि त्यात दुपारची झोपही धरलेली आहे. आता तुमच्या धाकट्याचा हिशेब करून पाहा. तो सकाळी साडेसहाला उठत असेल आणि दुपारी दोन तास झोपत असेल, तर रात्री साडेसात-आठपर्यंत त्याने अंथरुणावर असलेले बरे. आपण मात्र सात वाजता त्याला नवे कपडे घालून, गर्दीत, अनोळखी माणसांच्या हातांत देतो, आणि तो रडला की ‘आज याला काय झाले आहे’ असे म्हणतो.

यात प्रकाशाचा भाग वेगळा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली तीन ते पाच वर्षे वयाच्या मुलांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वीचा एक तास या मुलांना प्रखर प्रकाशात खेळू दिले, तेव्हा झोपेची वेळ शरीराला कळवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण जवळजवळ ८८ टक्क्यांनी खाली आले आणि प्रकाश काढल्यानंतर पाऊण तास उलटूनही बहुतेक मुलांत ते पूर्ववत झाले नाही. मुले दहाच होती, म्हणून त्या आकड्याला फार घट्ट धरून बसू नये. परंतु झगमगत्या मंडपातून आणलेले मूल अंथरुणावर टाकल्याबरोबर का झोपत नाही, याचे कारण त्यातून नीट कळते.

याच ऋतूची एक बाजू मात्र तुमच्या सोयीची आहे, आणि पालक तिचा फायदा फारसा घेत नाहीत. दिवस लहान होत जातात, म्हणजे अंधार लवकर पडतो. सव्वातीन वर्षांच्या मुलाला रात्र घड्याळावरून कळत नाही, अंधारावरून कळते. दिवेलागणीची वेळ अलीकडे सरकत जेव्हा सहाच्या आसपास येते, तेव्हा दिवे लावणे, अंगणात फिरणे, शेकोटी लांबून पाहणे हे सगळे त्याच्या जेवणाआधी आटोपते आणि त्याच्या दृष्टीने तो पूर्ण समारंभ असतो. मोठ्यांचा कार्यक्रम नंतर चालू राहू द्यावा. सार्वजनिक कार्यक्रमाला जायचे असेल तर सुरुवातीच्या अर्ध्या तासात जावे, किंवा त्याहून बरे म्हणजे तयारी चालू असताना जावे. मांडव बांधणारी माणसे, शिडी, दोऱ्या आणि खोकी यांत लहान मुलगा जितका रमतो तितका तो प्रत्यक्ष कार्यक्रमात रमत नाही. ज्या देशांत शरदात घड्याळ एक तास मागे घेतात तिथे त्या दिवसाच्या आधी चार-पाच दिवस झोपण्याची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटे पुढे ढकलत न्यावी. नाहीतर पहाटे पाचला उठलेली दोन मुले आणि संध्याकाळचा समारंभ यांची गाठ पडते.

गाडीतील झोपेबद्दलही सांगायला हवे, कारण तुमचा अकरा वाजताचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. जागेपणी शरीरात झोपेची ओढ हळूहळू साठत जाते. संध्याकाळी पाच वाजता गाडीत लागलेली वीस मिनिटांची डुलकी त्या साठ्यातला मोठा हिस्सा खर्च करून टाकते, आणि मूल रात्री झोपेला नकार देते. म्हणून निघताना असे निघावे की दुपारची झोप एकतर घरीच पूर्ण होईल किंवा जातानाच्या प्रवासात होईल. परतीचा प्रवास झोपेच्या नेहमीच्या वेळेच्या दोन-अडीच तास आधी संपलेला असावा, नाहीतर सरळ रात्रीचे कपडे घालून, दात घासून परत निघावे आणि गाडीतील झोप हीच रात्रीच्या झोपेची सुरुवात समजावी. अधलेमधले काही जमत नाही. थोरला दुपारी झोपेनासा झाला असेल तरी सहलीच्या दिवशी त्याला तासभर शांत आडवे करावे. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान दुपारची झोप एकदम जात नाही, ती काही दिवस हवी असते आणि काही दिवस नको असते.

सात ठिकाणे मला फार वाटतात. आठवड्यात एक बाहेर जाणे, आणि त्या एका वेळी एकच गोष्ट, एवढे पुरे. शिवाय त्याच ठिकाणी तीनदा जाणे हे तीन वेगळ्या ठिकाणी जाण्यापेक्षा या वयाला अधिक मानवते. पहिल्या भेटीत मूल फक्त जागा तपासते, दुसऱ्या भेटीत त्याला फाटक, ओंडका आणि कुत्रा ओळखता येतो, आणि तिसऱ्या भेटीत ते खेळू लागते. आपण मात्र दर वेळी नवे ठिकाण काढून त्याला पहिल्याच पायरीवर ठेवतो. माझा स्वतःचा मुलगा दोन वर्षांचा असताना मी त्याला दीड तासाच्या प्रवासाने पानगळीचे जंगल दाखवायला नेले होते. त्याने वाहनतळावरच्या गटाराच्या जाळीतून एकेक पान खाली सोडण्यात पन्नास मिनिटे घालवली आणि जंगलाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी त्याला दोनदा उचलून जंगलाच्या दिशेने नेले आणि दोन्ही वेळा आरडाओरडा ऐकला. पान सोडले की ते दिसेनासे होते, आणि दुसरे सोडले तरी तसेच होते, हा त्याचा त्या दिवशीचा अभ्यास होता, हे मला घरी आल्यावर उमगले.

पाने हीच या ऋतूतील सर्वांत स्वस्त आणि उत्तम सामग्री आहे. थोरल्याला ‘रंग बदलतो’ एवढे सांगून सोडू नका, कारण खरी गोष्ट त्याला कळेल अशीच आहे. उन्हाळ्यात पानात हरितद्रव्य इतके असते की बाकीचे रंग झाकले जातात. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य नव्याने करणे थांबवते, असलेले विघटित होते, आणि आधीपासूनच पानात असलेला पिवळा-केशरी रंग दिसू लागतो. काही झाडांच्या पानांत तांबडा रंग मात्र याच वेळी नव्याने तयार होतो. ‘पिवळा आत लपला होता’ हे वाक्य तीन वर्षांच्या मुलाला लपाछपीमुळे लगेच पटते. धाकट्याला हे काही सांगायचे नाही. त्याने पाने चुरगाळावी, तुडवावी आणि आवाज ऐकावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत या वयाच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल असावी आणि बाबागाडीत किंवा पाठीवरच्या झोळीत एका वेळी एक तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, असे म्हटले आहे. सहलीत तासाचा नियम मोडायला वेळ लागत नाही, म्हणून दर पाऊण तासाला धाकट्याला खाली उतरवण्याचे आधीच ठरवून ठेवावे.

तो खाली उतरला की जमिनीवरची वस्तू तोंडात जाणार, हे धरूनच चालावे. पानगळीत जमिनीवर बिया, कवचे, फळे आणि भूछत्रे असतात. लहान मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग तपासण्यासाठी जी नळी वापरतात तिचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो आणि तिच्यात मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलाला धोक्याची मानतात. बहुतेक गोल बिया त्या नळीत सहज मावतात. थोरल्याला बिया गोळा करू द्या, पण डबा झाकणाचा असावा आणि तो मोठ्या माणसाच्या हातात असावा. कोणतेही भूछत्र किंवा अनोळखी फळ तोंडात गेले असेल तर राहिलेला तुकडा बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे, उलटी करवू नये. सोबतच्या खाण्यातही हाच विचार करावा: द्राक्षे उभी चिरून चार फोडी करून द्यावीत, अख्खे दाणे, सुकामेवा आणि लाह्या चार-पाच वर्षांपर्यंत टाळाव्यात, आणि चालता-पळताना किंवा गाडीत खायला देऊ नये. घशात काही अडकून मूल खोकूही शकत नसेल, तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच धपके द्यावेत, त्याने न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वर असे पाच झटके द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून-पालटून करावे; इतर कोणी असेल तर त्याला त्याच वेळी रुग्णवाहिका बोलावायला सांगावे. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवू नये, ती आणखी आत जाते. ही कृती वाचून येत नाही. कार्यशाळेत बाहुलीवर एकदा हात बसवून घ्या, आणि हे काम ऋतू सुरू होण्याआधी उरका.

पानांच्या ढिगाऱ्यात उड्या मारणे मला मान्य आहे, पण तो ढिगारा तुम्ही स्वतः रचलेला असावा आणि रस्त्याच्या कडेचा नसावा, कारण चालकाला त्यातले मूल दिसत नाही. डबक्यावर किंवा लहान तळ्यावर पाने साचली की ते पाणी जमिनीसारखे दिसते, आणि दीड वर्षाच्या मुलाला बुडायला काही सेंटिमीटर पाणी पुरते. जिथे गोचिडी असतात तिथे घरी आल्यावर कानांमागे, काखेत, जांघेत आणि केसांच्या मुळांशी पाहावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, तिच्यावर तेल किंवा काडीची आच लावू नये.

शेतावरील प्राण्यांना भेटणे मुलांना फार आवडते, आणि इथे मी इतर ठिकाणांपेक्षा अधिक कडक आहे. गाय, शेळी, मेंढी यांच्या आतड्यांत ई. कोलाय जिवाणूचा ओ-१५७ हा प्रकार असू शकतो; प्राणी धडधाकट दिसतो, पण त्याच्या अंगावर, कुंपणाच्या गजांवर आणि जमिनीवर तो जिवाणू असतो. पाच वर्षांखालील मुलांना त्याची लागण झाली तर रक्ताळलेले जुलाब होतात, आणि त्यांतील काहींना आठवड्याभराने मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंतची गुंतागुंत होते. अशी दोन मुले मी स्वतः पाहिली आहेत, आणि दोघांच्याही पालकांनी हात पुसले होते, धुतले नव्हते. मळलेल्या हातांवर जंतुनाशक द्रव भरवशाचा नसतो; साबण आणि वाहते पाणीच हवे. प्राण्यांच्या आवारात दुधाची बाटली, चोखणी, खाऊ किंवा धाकट्याचे चघळायचे खेळणे नेऊ नका. प्राणी आधी, मग हात धुणे, मग बूट बदलणे किंवा पुसणे आणि पुन्हा हात धुणे, आणि त्यानंतर खाणे, असा क्रम ठेवावा. भेटीनंतर दहा दिवसांत जुलाबात रक्त दिसले तर जुलाब थांबवणारे औषध घरच्या घरी देऊ नये आणि डॉक्टरांना शेतावर गेल्याचे आवर्जून सांगावे. एवढे पाळले तर प्राण्यांना हात लावण्यापासून मुलांना अडवण्याचे कारण नाही.

कपड्यांच्या बाबतीत दोन भावांना सारखे कपडे घालण्याची हौस या ऋतूत अंगाशी येते. थोरला धावतो, घामेजतो. धाकटा बाबागाडीत स्थिर बसून गारठतो. एकाच जाडीचा कपडा दोघांपैकी एकाला हमखास चुकीचा ठरतो. पातळ थर एकावर एक घालावेत, आणि अंदाज हातापायांच्या गारव्यावरून न घेता मानेच्या मागच्या बाजूला हात लावून घ्यावा: तिथे घाम असेल तर एक थर काढावा, गार लागले तर एक वाढवावा. लांब गळपट्टा आणि टोपीच्या नाड्या घसरगुंडीत किंवा बाबागाडीच्या चाकात अडकून गळ्याला फास बसतो, त्यामुळे त्या नकोतच. गाडीतील बालआसनावर मात्र फुगीर जाकीट घालून मूल कधीही बसवू नका. धडकेत जाकिटातील हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकते. जाकीट काढून पट्टा घट्ट करावा, खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये इतका, आणि मग जाकीट वरून उलटे पांघरावे.

आता मुखवट्याकडे येतो. रीटा डीव्रीज या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगतो. मेनार्ड नावाच्या एका शांत मांजराची तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी ओळख करून दिली आणि मग, त्याचे मागचे अंग मुलांना दिसत असतानाच, त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. तीन वर्षांची पुष्कळ मुले ते मांजर आता कुत्राच झाले आहे असे मानू लागली. सहा वर्षांच्या मुलांना मात्र मुखवट्याच्या आत मांजरच आहे हे पक्के ठाऊक होते. सव्वादोन वर्षांच्या तुमच्या मुलाने गेल्या वर्षी जे पाहिले ते म्हणजे ‘मुखवटा घातलेला माणूस’ नव्हे. त्याच्यापुरते ते दोन पायांवर चालणारे खरेच काही भयंकर होते. अशा वेळी रडून आईला बिलगणे हे त्याच्या वयाला शोभेल असे शहाणपणाचे वर्तन आहे. ‘अरे, काका आहेत ते’ हे सांगून उपयोग होत नाही, कारण तीच गोष्ट त्याला अजून कळत नसते.

यंदा त्याच्यासाठी एक मुखवटा दोन आठवडे आधी घरात आणा. तो टेबलावर नुसता पडू द्या. मग तुम्ही तो हनुवटीखाली धरा, अर्धा वर न्या, खाली आणा, आणि चेहरा सतत दिसत राहू द्या. त्यानंतर तो त्याच्या हातात द्या आणि त्याने तुम्हाला घालावा व काढावा. सूत्र त्याच्या हाती आले की भीती कमी होते. कार्यक्रमाच्या ठिकाणी अंतर त्याने ठरवावे, आणि हात धरून ‘जवळ जा, काही करत नाही’ असे ढकलणे कटाक्षाने टाळावे. वेशाचेही तसेच आहे. टोचणारी शिवण, गळ्याशी घट्ट पट्टी, डोळ्यांवर येणारी टोपी यांपैकी काहीही तो पाच मिनिटांच्या वर सहन करणार नाही, म्हणून नेहमीच्या मऊ कपड्यांवर एखादी पाठीवरची झूल किंवा कानांची पट्टी एवढाच वेश करावा आणि तो आठवडाभर घरात खेळायला द्यावा. झूल पायघोळ नसावी, नाहीतर पायात अडकते, आणि गळ्याशी ती ओढताच सुटेल अशी असावी.

‘मुलगा असून घाबरतो’ या वाक्याने मी अस्वस्थ होतो, आणि याचे कारण केवळ भावनिक नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश आणि त्यांचे सहकारी पालक मुलांशी घडून गेलेल्या प्रसंगांबद्दल कसे बोलतात याचा दीर्घकाळ अभ्यास करत आले आहेत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की आई आणि वडील दोघेही मुलींशी बोलताना भावनांचे शब्द अधिक संख्येने आणि अधिक विविधतेने वापरतात, विशेषतः दुःखाबद्दल. मुलग्यांशी ते बोलणे तोकडे राहते. म्हणजे मुलाला भीती वाटते तेवढीच वाटते, फक्त तिला नाव द्यायला त्याला कमी शब्द मिळतात, आणि शब्द नसलेले मूल हातपाय झाडते. नातेवाइकांशी वाद घालत बसू नका. त्यांच्या देखत मुलाला उचलून ‘तुला भीती वाटली, तो चेहरा मोठा होता, आपण इथून लांबून पाहू’ एवढे म्हणा. ते ऐकणाऱ्यांनाही पुरेसे असते. भीतीमुळे तो रोज रात्री दचकून उठत असेल, घराबाहेर पडायलाच नकार देत असेल आणि हे कित्येक आठवडे चालत असेल तर मात्र भेटायला या.

दिव्यांच्या जागी माझे लक्ष आधी चहा-कॉफीच्या कपांकडे जाते. या वयातील भाजण्याचे सर्वांत नेहमीचे कारण फटाका किंवा मेणबत्ती नसून गरम द्रव हे आहे; गर्दीत कप हातात असतो आणि मूल कडेवर असते. ज्याच्या हातात कप, त्याच्या कडेवर मूल नाही, हा नियम घरात आधीच जाहीर करून टाका. फुलबाजी निरुपद्रवी समजून लहान मुलाच्या हाती देतात. तिचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि विझल्यानंतरही तिची तार काही काळ भाजण्याइतकी तापलेली राहते. पाच वर्षांखालील मुलाच्या हातात ती देऊच नये, आणि फुलबाजी पेटवणाऱ्याने मूल कडेवर घेऊ नये. भाजलेच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावे, बर्फ, टूथपेस्ट किंवा तूप लावू नये. विजेरीवर चालणाऱ्या छोट्या दिव्यांत नाण्यासारख्या चपट्या सेल असतात. अशी सेल गिळली तर ती अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर जखम करू शकते, आणि सुरुवातीला मूल अगदी बरे दिसते. म्हणून दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असल्याखेरीज तो दिवा धाकट्याच्या हाती पोहोचेल अशा उंचीवर ठेवू नका, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी काही खायला न देता तडक रुग्णालयात क्ष-किरण तपासणीसाठी न्या.

गोड खाल्ल्याने मुलगे ‘चढतात’ असे तुमच्या पत्रात ओघात आले आहे. डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिच यांनी १९९४ साली पाच ते सात वर्षांच्या ३५ मुलग्यांवर आणि त्यांच्या आयांवर एक चतुर प्रयोग केला. आपल्या मुलाला साखर बाधते असे या सर्व आयांचे मत होते. साखर कोणत्याच मुलाला दिली नाही. परंतु निम्म्या आयांना ‘मुलाला भरपूर साखर दिली आहे’ असे सांगितले. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला, आणि त्या स्वतः मुलाजवळ अधिक घुटमळल्या, अधिक टीका करत राहिल्या. गोड मर्यादित ठेवण्यासाठी दातांचे आणि भुकेचे कारण पुरेसे आहे. समारंभातील धावपळीचा दोष मात्र बहुधा उशिराच्या वेळेचा आणि गर्दीचा असतो. निघण्यापूर्वी घरचे जेवण पोटभर द्यावे, म्हणजे गोडाचा प्रश्न अर्धा तिथेच मिटतो.

आवाजाबद्दल एकच कसोटी पुरते: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना तुम्हाला आवाज चढवावा लागत असेल, तर ती जागा लहान कानांसाठी जास्त वेळ थांबण्याची नाही, मुलांच्या मापाचे कर्णरक्षक घ्यावेत किंवा लांब जावे. गर्दीत एका मुलामागे एक मोठा माणूस नावानिशी नेमावा, आणि जबाबदारी सोपवताना ‘आता धाकटा तुझ्याकडे’ असे मोठ्याने म्हणावे, समोरच्याने ‘माझ्याकडे’ असे उत्तर द्यावे. घरातील आठ माणसे ‘लक्ष ठेवून’ असतात तेव्हाच मूल हरवते. निघताना दोघांचे त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र फोनवर काढून ठेवा आणि मनगटावरच्या पट्टीवर तुमचा फोन क्रमांक लिहा.

याच काळात सर्दी-खोकल्याची साथ सुरू होते. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे, त्यामुळे प्रत्येक शिंकेला सहल रद्द करण्याची गरज नाही. पण ताप, उलट्या, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे यांपैकी काही असेल तर मूल घरी राहील, आणि शेवटच्या लक्षणात ते रुग्णालयात जाईल. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. ती पहिल्यांदाच घेणाऱ्या लहान मुलाला किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि संरक्षण तयार व्हायला दुसऱ्या मात्रेनंतर आणखी दोन आठवडे जातात. समारंभाच्या तारखेपासून मागे मोजून धाकट्याची तारीख याच आठवड्यात ठरवा.

छायाचित्राचा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा संकोचून विचारला आहे. संकोचू नका. ते पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काढा, मुलांना एकत्र उभे न करता दोघांना एकाच कामाला लावून: एकाने पान टोपलीत टाकायचे, दुसऱ्याने ते बाहेर काढायचे. नंतर ते फोनमध्ये ठेवू नका. मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी सरासरी तीन-साडेतीन वर्षे वयाच्या असतात, म्हणजे थोरला नेमका त्या उंबरठ्यावर आहे; आणि फिवुश यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून हेही दिसले आहे की ज्या मुलांशी पालक घडून गेलेल्या प्रसंगाबद्दल मोकळे प्रश्न विचारत, तपशील भरत बोलतात, त्यांना ते प्रसंग अधिक चांगले आठवतात. छायाचित्र छापून भिंतीवर धाकट्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. ‘मजा आली ना?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ‘हो’ एवढेच येते. ‘शेळीने काय ओढले?’, ‘तू कुठे लपलास?’, ‘मग बाबांनी काय केले?’ असे विचारा, थोरला चुकीचे सांगेल तेही ऐकून घ्या, आणि पुढच्या शरदात त्याच ठिकाणी जायला निघण्याच्या आदल्या दिवशी दोघांना पुन्हा त्या भिंतीपाशी घेऊन बसा.